गाडीचा पूर्ण भाव एका कागदावर लिहून द्या
नागपुरातल्या दुचाकी शोरूमच्या मालकांना खुले पत्र

मालक मंडळींना सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या महाल भागात माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. वडिलांनी टाकलेलं. मी गल्ल्यावर बसायला लागलो त्याला आता एकतीस वर्षं होतील. त्यामुळे हे पत्र मी जितका गिऱ्हाईक म्हणून लिहितो आहे तितकाच दुकानदार म्हणूनही. जागेचं भाडं, वीजबिल, पोरांचे पगार, अडकून पडलेला माल, कंपनीच्या माणसाचा टार्गेटसाठी येणारा फोन, हे सगळं मी रोज भोगतो. तुम्ही नफा कमवू नये असं मी कधीच म्हणणार नाही. नफा नसेल तर दुकान चालत नाही, आणि दुकान चाललं नाही तर सर्व्हिसिंगला आम्ही जायचं कुठे?

मला बोलायचं आहे ते भाव सांगण्याच्या पद्धतीबद्दल.

गेल्या दसऱ्यानंतर माझ्या पुतण्यासाठी मोटारसायकल घ्यायचं घरात ठरलं. पोरगा आयटीआयमधून फिटर झाला आणि हिंगणा एमआयडीसीत लागला. सकाळची पाळी असली की मेट्रोने लोकमान्य नगरपर्यंत जातो. दुसरी पाळी सुटते तेव्हा मात्र मेट्रो बंद झालेली असते, आणि तिथून महालापर्यंत रात्री ऑटोवाला मागेल ते द्यावं लागतं. म्हणून १२५ सीसीची साधी, चांगलं मायलेज देणारी गाडी घ्यायची, कर्ज काढायचं नाही, एवढं नक्की झालं. वहिनींनी दोन वर्षांपासून भिशीचे पैसे त्यासाठीच बाजूला ठेवले होते.

वेळही चांगली होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याच दिवशी घटस्थापना होती. आम्हाला हवी असलेली गाडी त्यानंतर एक्स-शोरूम, म्हणजे नोंदणी आणि विमा सोडून, ८६,००० रुपयांना मिळत होती. कराचा हिशेब उलटा मांडून पाहिला तर या एका निर्णयाने तिची किंमत सव्वासात हजारांच्या वर उतरली होती. पुतण्या खूश होता. म्हणाला, "काका, एवढ्यात हेल्मेट, रेनकोट आणि वर्षभराचं पेट्रोल निघते."

शहरातल्या एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण एका दुकानाशी नाही. एसी चालू होता, पाणी आलं, चहा आला. वागणूक उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण मुलगा समोर बसला. मी म्हटलं, सगळं धरून किती ते लिहून दे. त्याने गाडीचं माहितीपत्रक उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या जागेत आकडे लिहायला लागला. कागद गुळगुळीत होता, बॉलपेन उमटत नव्हतं, म्हणून तो एकेक आकडा दोनदोनदा गिरवत होता.

एक्स-शोरूम ८६,०००. आरटीओ १२,८००. इन्शुरन्स ८,९००. किट ३,४००. हँडलिंग १,५००. वॉरंटी आणि रोडसाइड, म्हणजे गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत, १,९००. नंबरप्लेट ६५०. खाली रेघ मारून १,१५,१५०. मग त्याने काचेच्या केबिनकडे एकदा पाहिलं, आत जाऊन आला, आणि शेवटच्या आकड्याभोवती गोल काढून शेजारी लिहिलं: १,१४,०००. "काका, तुमच्यासाठी साहेबांनी ११५० कमी केले. याच्या खाली नाही होत. सगळीकडे हेच भाव आहे."

मी तो कागद घडी करून खिशात ठेवायला लागलो. तेव्हा तो मुलगा जरा अवघडून म्हणाला, "काका, हे इथंच राहू द्या. मी तुम्हाला नवीन देतो ना." आणि त्याने माझ्या हातात दुसरं माहितीपत्रक दिलं. गाडीचे चार रंगीत फोटो, मागची बाजू कोरी.

लेटरहेडवर कोटेशन मागितलं. उत्तर आलं, "कोटेशन बुकिंग झाल्यावर भेटते."

मालक, माझ्या दुकानातल्या पंधरा रुपयांच्या बल्ब होल्डरच्या पुड्यावरसुद्धा एमआरपी छापलेली असते. ती नसलेला माल मी ठेवला तर वजनमापे खात्याचा इन्स्पेक्टर मला सोडणार नाही. आणि लाखाच्या वरची वस्तू घेताना तिचा भाव घरी घेऊन जायला मिळत नाही? पुतण्याने तेवढ्यात मोबाइलवर त्या कागदाचा फोटो काढून ठेवला होता, म्हणून आज हे आकडे तुमच्यासमोर मांडता येतात.

त्या रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघं एकेक ओळ घेऊन बसलो.

आरटीओची ओळ सगळ्यांत आधी घेतली, कारण तिला सगळेच घाबरतात. "आरटीओचे आहेत" म्हटलं की गिऱ्हाईक गप्प बसतं. सरकारी पैसा, त्यात बोलायचं काय. पण सरकारी आहे म्हणूनच तो आकडा मोजता येतो. महाराष्ट्रात ९९ सीसीच्या वर आणि २९९ सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकीला एकरकमी कर ११ टक्के आहे. ८६,००० वर तो ९,४६० रुपये होतो. नोंदणी फी ३००, स्मार्ट कार्डाचे २००, वर थोडा उपकर आणि टपालखर्च. कर्ज नसेल तर बोजा चढवण्याची फी नाही. कितीही ओढूनताणून बेरीज केली तरी ती साडेदहा हजारांवर जात नाही. मग १२,८०० कुठून आले? दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं तर सांगण्यात आलं, "एमएच-४९ ची पासिंग थोडी महाग पडते." हे नागपूरच्या आरटीओंचे क्रमांक. गाडी ३१ मध्ये पास होवो, ४० मध्ये की ४९ मध्ये, कर राज्याचा आहे आणि तो सगळीकडे सारखा आहे. आता तर पूर्ण तयार गाडी आरटीओत तपासणीला न्यावीही लागत नाही, तुमच्याच संगणकावरून कागद चढतात. कर भरल्याची पावती निघते आणि तिच्यावर रुपयाचा हिशेब असतो. वरचे दोन-अडीच हजार तुमच्या सेवेचे असतील तर तसं लिहा. आम्ही ठरवू द्यायचे की नाही. सरकारच्या नावाखाली लिहू नका, एवढंच.

पुढची ओळ विम्याची. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. सक्ती चांगल्या कारणासाठी आहे. विनाविम्याच्या गाडीने उडवलेल्या माणसाच्या घरच्यांचे हाल मी आमच्याच गल्लीत पाहिले आहेत. पण थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीसाठी पाच वर्षांचे ३,८५१ रुपये आहेत, त्यावर जीएसटी. म्हणजे झाले साडेचार हजार. उरलेला भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो एक वर्षाचाच घेतला तरी चालतो आणि त्यात कंपनी-कंपनीत फरक पडतो. मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आधीच दुसऱ्या पॉलिसीत असेल तर तो पुन्हा घ्यावा लागत नाही. हे मला शोरूममध्ये कुणी विचारलंही नाही. आमच्या ओळखीच्या एजंटाने तीच गाडी, तीच विमा रक्कम, झीरो डेप (म्हणजे क्लेममध्ये पार्टचा घसारा कापत नाहीत) धरून ६,२५० रुपयांत बसवून दिली. तुमचा आकडा ८,९०० होता.

विमा बाहेरून घेतो म्हटल्यावर मला काय ऐकावं लागलं ते सांगतो. "मग क्लेमच्या वेळेस आमच्याकडे येऊ नका काका." हे वाक्य तुमच्या मजल्यावर बोललं जातं हे तुम्हाला माहीत आहे का, मला ठाऊक नाही. डीलरमार्फत विमा विकण्यासाठी विमा नियामकाने २०१७ मध्ये नियमावली आणली. विमा कुठून घ्यायचा ही निवड गिऱ्हाइकाची आहे. तुमच्याकडचा कॅशलेस क्लेम, म्हणजे दुरुस्तीचं बिल थेट विमा कंपनीने भरायचं, चांगला असेल तर त्याचं कौतुक करून विका, जरूर विका. भीती घालून विकू नका.

आता किट. ३,४०० रुपयांत काय काय म्हणून विचारलं, तर सीट कव्हर, ग्रिप कव्हर, लेग गार्ड, मडफ्लॅप, मॅट आणि साडी गार्ड. "हे लागूनच येते काका, काढता येत नाही." खरोखरच मागच्या यार्डात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीला ते सगळं आधीच ठोकलेलं होतं. एका गाडीच्या सीट कव्हरचा खालचा दोरा मी बोटाने ओढून पाहिला. शिवण तिथेच उसवली. असलं कव्हर सक्करदऱ्याच्या कुठल्याही दुकानात दोनशे-अडीचशेला मिळतं, आणि तो माणूस समोर बसवून देतो.

त्यातल्या साडी गार्डबद्दल मी मुद्दाम लिहितो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम काढून बघा. मागे बसणाऱ्याला धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं निम्मं चाक तरी झाकेल असं संरक्षण, हे गाडीला असलंच पाहिजे. म्हणजे ती गाडीच आहे, सजावट नाही. ब्रेक लावून देतो त्याचे वेगळे पैसे द्या, असं कुणी म्हणेल का? माझ्या मावशीचा पदर स्कूटरच्या चाकात गेला होता, रामदासपेठेच्या वळणावर. ती वाचली, पण तिचा खांदा शेवटपर्यंत वर झाला नाही. म्हणून ही ओळ वाचताना मला जरा जास्तच लागलं.

हँडलिंग चार्ज नावाचा कोणताही सरकारी कर नाही. कंपनीकडून गाडी तुमच्या गोदामात येईपर्यंतचा खर्च कुणाचा, हा तुमचा आणि कंपनीचा प्रश्न. मीही भिवंडीहून माल मागवतो. ट्रान्सपोर्टचं भाडं भावात धरतो, पंख्याच्या बिलावर "पंखा उचलून ठेवल्याचे शंभर" असं लावत नाही. नंबरप्लेटचंही तेच. १ एप्रिल २०१९ पासून हाय सिक्युरिटी प्लेट गाडी बनवणाऱ्या कंपनीनेच गाडीसोबत द्यायची आणि डीलरने बसवून द्यायची असा नियम आहे. वाढीव वॉरंटी ज्याला हवी त्याने घ्यावी. आम्हाला नको होती.

बेरीज केली तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. सरकारने करात सव्वासात हजार सोडले होते. खालच्या ओळींनी त्यापेक्षा जास्त परत मागितले होते, तेही एक्स-शोरूमच्या आकड्याला हात न लावता. पुतण्या काही बोलला नाही. मोबाइल उलटा ठेवून झोपायला गेला.

दोन दिवसांनी आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरकडे गेलो. दुकान लहान होतं, चहा मिळाला नाही. काउंटरवर एक पन्नाशीच्या बाई होत्या. मी म्हटलं, "ताई, किट नको, वॉरंटी नको, विमा माझा. आरटीओचं पावतीप्रमाणे देईन. या गाडीचं कोटेशन द्या." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, संगणकावर टाइप केलं आणि पंधरा मिनिटांत शिक्का मारलेला कागद दिला. खाली तारीख, सात दिवसांची मुदत आणि त्यांची सही. एवढंच म्हणाल्या, "लेग गार्ड घेऊन घ्या दादा, पोरगा रात्री येणं-जाणं करते." ते खरं होतं. ९०० रुपयांचं लेग गार्ड आम्ही घेतलं. किट न लावलेली गाडी नव्या लॉटमधून चार दिवसांनी मिळेल म्हणाल्या आणि चौथ्या दिवशी फोन केला. ८६,००० गाडीचे, १०,२५० पावतीप्रमाणे, ६,२५० विम्याचे, ९०० लेग गार्डचे. एकूण १,०३,४००.

तीच गाडी, तोच रंग, तेच शहर. १०,६०० रुपयांचा फरक. त्या बाईंनी मला एक रुपयाची सूट दिली नाही, आणि मी मागितलीही नाही. गाडीच्या किमतीवर घासाघीस झालीच नाही. जे आमच्याकडून निघतच नव्हतं ते त्यांनी लावलं नाही, इतकंच झालं. माझ्या डोक्यात तेव्हापासून हेच घोळतं आहे. पहिल्या ठिकाणी मला ११५० रुपये कमी करून मिळाले होते आणि वर उपकार झाल्यासारखं वाटत होतं.

आपण नागपूरकर भाव करणारी माणसं आहोत. बर्डीवर पाचशेची बॅग अडीचशेला मागतो, गांधीबागेत साडीचं दुकान चारदा सोडून पाचव्यांदा परत येतो. त्यात मजा आहे आणि त्यात अन्याय नाही, कारण बॅग दोघांच्याही समोर असते. तिची शिवण मी पाहतो, तो दुकानदारही पाहतो. दोघांना पटेल तिथे सौदा ठरतो. गाडीच्या बाबतीत मात्र एक्स-शोरूम किंमत जवळपास सगळीकडे सारखी, तिच्यावर बोलायला जागाच फार कमी. बोलणं होतं ते खालच्या ओळींवर, आणि त्या ओळी फक्त तुम्हाला दिसतात. गिऱ्हाईक अंधारात हात घालून भाव करतं. हजार-दीड हजार कमी झाले की त्याला वाटतं आपण जिंकलो.

खऱ्या सौद्याच्या जागा आहेत की. डिसेंबरात बनलेली गाडी फेब्रुवारीत विकताना वर्ष मागचं पडतं, तिथे गिऱ्हाइकाला काही सोडायला हवं. महिनाअखेरीला तुमचा आकडा पूर्ण व्हायचा असतो, तेव्हा तुम्ही दोन पावलं पुढे या, आम्ही पैसे तयार ठेवून येतो. जुन्या गाडीच्या एक्सचेंजमध्ये बोला, पहिल्या सर्व्हिसच्या इंजिन ऑइलवर बोला. भाव करायला दोन्ही बाजूंना काहीतरी दिसतं आहे, असा तो भाव होऊ द्या.

गाडी घेऊन झाल्यावर मी हे सोडून दिलं असतं. माझे पैसे वाचले होते. पण पहिल्या शोरूममध्ये शेजारच्या टेबलावर एक जोडपं बसलं होतं, ते डोक्यातून जात नाही. उमरेडकडचे होते बहुतेक, बोलण्यावरून वाटलं. दिवाळीच्या आधीचे दिवस, सोयाबीन विकून आले असावेत. त्या माणसाने धोतराच्या जुन्या फडक्यात बांधलेल्या पाचशेच्या नोटा काढल्या आणि बोटाला थुंकी लावून मोजायला लागला. बायको त्याच्याबरोबर ओठांतल्या ओठांत मोजत होती. त्याने कोणतीच ओळ विचारली नाही. धनत्रयोदशीला गाडी दारात यायला पाहिजे एवढंच त्याचं म्हणणं होतं. चार-पाच कागदांवर फुल्या केलेल्या जागी त्याने सह्या केल्या. त्यातला निदान एक कागद कोरा फॉर्म होता, मला माझ्या खुर्चीवरून दिसत होतं. शेवटी त्याने विचारलं, "आन् हेल्मेट?" त्याला सांगण्यात आलं, "स्टॉक संपला भाऊ, पुढच्या हप्त्यात या."

पुढच्या आठवड्यात तो उमरेडहून हेल्मेटसाठी येईल का, मालक? दुचाकी विकताना भारतीय मानकाचं हेल्मेट द्यायचं, हे त्याच १९८९ च्या नियमांत आहे, १३८ व्या नियमात. ती भेटवस्तू नाही. गाडी हातात आली की तो माणूस तिच्यावर बायकोला बसवून त्याच दिवशी उमरेड रोडने ट्रकांच्या मधून घरी जाणार होता. मी उठून काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. ते राहून गेलं, म्हणूनही हे पत्र आहे.

कर्जावर गाडी घेणाऱ्यांबद्दल थोडंसं. तुमच्या टेबलावरचा फायनान्सवाला "फक्त नऊ टक्के" सांगतो. तो फ्लॅट दर असतो, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज. ८०,००० चं कर्ज तीन वर्षांसाठी ९ टक्के फ्लॅटने घेतलं तर व्याज २१,६०० आणि हप्ता सुमारे २,८२२. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं ते धरलं तर हाच दर १६ टक्क्यांच्या वर जातो. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाला मुख्य माहितीचं पत्रक सक्तीचं केलं आहे. त्यात वर्षाचा खरा दर, सगळे चार्जेस धरून, लिहायचा असतो, आणि कर्जदाराला समजेल त्या भाषेत. नागपुरात ती भाषा मराठी किंवा हिंदी आहे. ते पत्रक सहीच्या आधी हातात द्या. आणि रोखीने घेणाऱ्याला "कॅशवर स्कीम नाही" म्हणून कर्जाकडे ढकलू नका. वहिनींनी दोन वर्षं भिशी भरली ती व्याज चुकवायलाच.

तुमच्या त्या मुलाबद्दलही लिहिलं पाहिजे, ज्याने आकडे गिरवले. मला त्याचा राग आला नाही. त्याचं वय माझ्या पुतण्याएवढं असेल. कागद परत मागताना त्याने मान खाली घातली होती. किती किट विकले आणि किती विमे इथेच झाले यावर त्याचा पगार ठरत असेल, तर तो दुसरं काय करणार? त्याला "साहेबांना विचारून येतो" म्हणत केबिनमध्ये पाठवणारी व्यवस्था तुम्ही केली आहे. ती तुम्हीच बदलू शकता. माझ्या दुकानात मी नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतो, गिऱ्हाइकाने विचारलं तर आपला खरेदीभाव सांगू नको, पण विक्रीचा भाव दोनदा सांगायची वेळ आणू नको.

तर मागणं एवढंच. शोरूमच्या दारातच, गाड्यांच्या आधी दिसेल असा, मराठीत एक फलक लावा. प्रत्येक मॉडेलची एक्स-शोरूम किंमत, कर आणि फी पावतीप्रमाणे किती, विमा कोणत्या कंपनीचा आणि किती, "विमा बाहेरूनही घेता येतो" हे वाक्य, आणि त्याखाली वेगळ्या रंगात ऐच्छिक वस्तू त्यांच्या त्यांच्या किमतीसह. साडी गार्ड आणि हेल्मेट त्या ऐच्छिक यादीत नको. यार्डात प्रत्येक मॉडेलच्या दोन-चार गाड्या तरी किट न लावता ठेवा. जो येईल त्याला बुकिंगची अट न घालता तारीख, मुदत आणि सही असलेलं कोटेशन द्या. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊ नका. गाडी देताना कराची पावती आणि विम्याची प्रत हातात ठेवा. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. फलकाला लागतील, ते इतवारीतल्या माझ्या ओळखीच्या पेंटरकडे दीड-दोन हजारांत होतील.

एक वस्तू घ्यायची तर दुसरी घ्यावीच लागेल, असं बंधन घालणं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये प्रतिबंधक व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेलं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लागतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फीदेखील नाही. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही. दुकानदाराने दुकानदाराला तिथपर्यंत नेऊ नये असंच मला वाटतं. पण गिऱ्हाइकांना हे आता माहीत होऊ लागलं आहे, आणि माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी ते सांगतो.

पहिल्या शोरूमच्या त्या कागदाचा प्रिंट आणि दुसऱ्या शोरूमचं शिक्का मारलेलं कोटेशन, दोन्ही मी काउंटरच्या काचेखाली शेजारी शेजारी ठेवले आहेत. दोन्हींवरची दुकानांची नावं झाकली आहेत. वायर घ्यायला आलेली माणसं वाकून वाचतात, आपापली बिलं आठवून बोटांवर मोजायला लागतात. परवा एका प्लंबरने त्याचं जुनं बिल आणून दाखवलं. त्यात हँडलिंगच्या जागी "इतर" लिहिलं होतं.

गुढीपाडवा जवळ आला आहे आणि तुमच्याकडे मुहूर्ताचं बुकिंग सुरू होईल. माझी धाकटी पुतणी यंदा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा झाली की तिला स्कूटर घेऊन द्यायची आहे. पैसे तयार आहेत, या वेळीही कर्ज नाही. तुमच्यापैकी ज्याच्या दारात असा फलक पहिल्यांदा दिसेल, त्याच्याकडे आम्ही येऊ. चहा नाही पाजला तरी चालेल.

आपला,
महालातला एक दुकानदार
नागपूर